डोक्याचे माप

चपलेचा क्रमांक माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगतो. सदऱ्याचे माप सांगतो, चष्म्याचा नंबर सांगतो, फार काय अंगठीचे मापही सांगतो. परंतु तुमच्या डोक्याचा घेर किती, असे कोणी विचारले तर बहुतेकांना ते डोके खाजवावे लागेल. डोके आपण वापरतो, निदान वापरतो असे मानतो. पण मोजत मात्र नाही. आमच्यावर ते मोजण्याची पाळी आणली एका टोपीने, आणि टोपीची पाळी आणली एका आजाराने.

चार वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लालसर चट्टा उमटला. पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखा त्याचा आकार होता. सांधे दुखू लागले, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, आणि तपासण्यांच्या फेऱ्या संपल्यावर डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : ल्युपस. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे दिसतात म्हणून हे नाव पडले. शरीराचे रक्षण करणारी शक्ती शरीरावरच उलटते, असा हा विकार. त्याच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. औषधे सुरू झाली. ती नियमाने घेतली तर माणूस वर्षानुवर्षे हिंडता-फिरता राहू शकतो, असा धीर डॉक्टरांनी दिला. पण निघताना त्यांनी बजावले, “बाई, उन्हाला जपा. ऊन लागले की हा आजार चवताळतो. बाहेर पडाल तेव्हा अंगभर कपडे आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी हवीच.”

नवापूरच्या माणसाला उन्हाला जपा म्हणणे सोपे; जपणे कठीण. बोईसर स्थानकावर उतरून पश्चिमेकडे निघाले, की कारखान्यांची वसाहत मागे पडते आणि पुढे लागतो तो उघडा समुद्र. किनाऱ्यावर मासळी वाळत असते, ती उन्हाच्याच भरवशावर. वाडीतले काम उन्हात, बाजार उन्हात, आणि प्रायश्चित्तकाळातील क्रूसाची वाटही मार्च-एप्रिलच्या उन्हात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की त्वचेला बाधणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के किरण कोरडी वाळू परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्के. म्हणजे समुद्रकाठी ऊन वरूनही येते आणि खालूनही.

बाईंनी आयुष्यभर शाळेत शिकविले. निवृत्तीनंतर सकाळी किनाऱ्यावर एक फेरी, वाडीत तासभर काम आणि रविवारी बोईसरला मिस्सा, हा त्यांचा नेम होता. आजारानंतर तो मोडला. त्या घरातच राहू लागल्या. खिडकीतून समुद्राकडे पाहत बसत. खिडकीच्या काचेतूनही काही किरण आत येतात असे कळल्यावर त्यांनी खुर्ची आणखी आत ओढली. लागोपाठ दोन वर्षे क्रूसाच्या वाटेला त्या आल्या नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. परंतु घरातला माणूस गप्प राहून जे सांगतो ते ऐकू येण्याइतकी वर्षे आम्ही एकत्र काढली आहेत.

छत्रीचे काय, असे वाचक विचारतील. छत्री आम्ही करून पाहिली. दुपार झाली की समुद्रावरून वारा सुटतो, आणि नवापूरच्या वाऱ्याला छत्री उलटी करण्याची फार हौस. शिवाय छत्री एक हात अडकवून ठेवते. हातात पिशवी असली, जपमाळ असली, की हात पुरत नाहीत. पदर डोक्यावरून घेतला तर तो सुती पातळाचा; प्रकाशाकडे धरला की पलीकडचे दिसते. ज्या विणीतून उजेड आरपार येतो, तिच्यातून ऊनही येते. तेव्हा टोपीला पर्याय नव्हता.

मग आमची शोधयात्रा सुरू झाली. बोईसरचा बाजार झाला, पालघर झाले. २०१३ पासून मुंबईची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत धावते, तिचा लाभ घेऊन मुंबईच्या एका मोठ्या बाजारपेठेतही जाऊन आलो. टोप्या मुबलक होत्या : क्रिकेटच्या, सहलीच्या, फुले लावलेल्या, रिबिनी लावलेल्या. पहिली टोपी बाईंच्या डोक्यावर ठेवली, ती भुवया ओलांडून नाकावर आली. दुसरी अंबाड्यावर अडकून पुढे कलली. तिसरी बसली खरी, पण काठ इतका मऊ, की दुकानातल्या पंख्याच्या वाऱ्याने तो कपाळावर उलटा उभा राहिला. चौथी गवताची होती, दिसायला सुरेख. परंतु उजेडाकडे धरली तर चाळणीसारखी. लहान माप मागितले तेव्हा दुकानदार म्हणाला, “ताई, सगळ्या फ्री साइजच आहेत. फ्री साइज म्हणजे सगळ्यांना होते.” गंमत म्हणजे त्यांतली प्रत्येक टोपी आमच्या डोक्यावर नेमकी बसत होती. फ्री साइज नावाचा हा जो सर्वसाधारण माणूस आहे, तो बहुधा पुरुष असावा, असे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

परत येताना गाडीत बाई म्हणाल्या, “अहो, माझंच डोकं चुकीचं आहे वाटतं.” हे वाक्य हसत उच्चारलेले होते, पण आम्हांला ते लागले. आजारी माणसाला आधीच वाटत असते, की आपले शरीर आपल्याशी नीट वागत नाही. त्यात एखाद्या टोपीनेही भर घालावी?

घरी येऊन शिवणाची टेप काढली. डोके मोजण्याची रीत अशी : कानांच्या आणि भुवयांच्या बोटभर वरून, कपाळाच्या मध्यावरून टेप मागे न्यावी आणि डोक्याच्या मागील फुगीर भागावरून फिरवून पुढे आणावी. आवळू नये, सैलही सोडू नये. जो आकडा येईल तो टोपीच्या आतल्या पट्टीचा घेर. विलायती दुकानांतून सहा, सात असे जे क्रमांक असतात, तेही याच घेरातून निघतात. इंचांतील घेराला ३.१४ ने भागले की अमेरिकेतला क्रमांक येतो. बावीस इंचांचे डोके म्हणजे सात नंबरची टोपी. आमचा घेर भरला ५८ सेंटिमीटर. बाईंचा ५३. पाच सेंटिमीटरचा फरक, दोन इंच. दोन इंच सैल चप्पल घालून कोणी चार पावले तरी चालेल काय?

त्यातही एक मेख होती. या आजारात केस गळतात. बाईंचा अंबाडा एके काळी मुठीएवढा होता; तो सुपारीएवढा झाला. औषधांनी गुण येई तेव्हा केस पुन्हा दाटत, आजार उसळला की पुन्हा विरळ होत. म्हणजे ज्या डोक्यासाठी टोपी हवी, ते डोकेच सहा महिन्यांनी निराळे. पौषात बसलेली टोपी वैशाखात सैल होणार.

टोप्यांचा विचार करू लागल्यावर आम्हांला आपल्याकडील शिरोवस्त्रांचे नवल वाटू लागले. त्यांची वाण आपल्याकडे नाही. वसईकडील सामवेदी ख्रिस्ती बांधवांची लाल टोपी आहे, कोळी बांधवांची टोपी आहे, शेतकऱ्याचे मुंडासे, लग्नाचा फेटा, गांधी टोपी आहे. पण यांपैकी एकीलाही काठ नाही. मुंडाशाच्या घड्या डोके थंड राखतात, घाम टिपतात. मात्र नाक, कान आणि मान त्यांच्या छायेत येत नाहीत. बायकांना तर तेही नव्हते. पुढे ओढलेला पदर हाच त्यांच्या टोपीचा काठ. भातलावणीच्या वेळी डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे बांबूचे आणि पानांचे इरले आहे. पण ते पावसासाठी आणि वाकून काम करणाऱ्यासाठी. आसामात बांबूची व ताडवर्गीय पानांची जापी आहे, केरळात पानांची छत्रीसारखी टोपी आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र काठ म्हटला की तो समुद्राचा.

रुंद काठाची टोपी परकी, साहेबी, असे आपल्याला वाटते. परंतु ख्रिस्ती घराण्यांना ती अगदी अनोळखी नाही. संत याकोबांच्या चित्रांत त्यांच्या डोक्यावर यात्रेकरूची रुंद टोपी असते आणि तिच्यावर शिंपला. कार्डिनलांची लाल टोपी १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी दिली, तीही अशीच रुंद काठाची होती. १९६९ मध्ये ती देण्याची प्रथा बंद झाली. बहुतेक बिशपांच्या बोधचिन्हावर आजही हिरवी, रुंद काठाची, दोन्ही बाजूंना गोंडे लोंबणारी टोपी दिसते. ते गोंडे आज शोभेचे आहेत. पण त्यांच्या मुळाशी आहे ती टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून बांधायची दोरी. म्हणजे मानचिन्ह होण्यापूर्वी ती वाटसरूची टोपी होती आणि तिला वाऱ्याची जाण होती.

साहेबाची सोला टोपी आपल्याकडच्या भेंडाची. पाणथळ जागी वाढणाऱ्या ज्या वनस्पतीच्या गरापासून नवरदेवाचे बाशिंग होते, त्याच भेंडाची ही टोपी. आमच्या लहानपणी एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी अशी एक टोपी खुंटीला असे. तिच्या आतली मेख आता कळते. डोक्याला फक्त चामड्याची पट्टी टेकत असे, आणि पट्टी व टोपी यांच्यामध्ये फट असे. त्या फटीतून वारा खेळे. डोक्याला घट्ट चिकटते ती टोपी नीट बसली असे नव्हे. पट्टी पक्की आणि बाकी सारे मोकळे, हे खरे बसणे.

काठ किती हवा, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांच्या त्या तळपत्या देशात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार. तेथे १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, अशी मोहीम चालू झाली. प्रौढांच्या टोपीचा काठ किमान साडेसात सेंटिमीटर असावा, असे तेथील कर्करोग संस्था सांगते. अनेक शाळांत तर टोपी नसलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत मैदानावर खेळू देत नाहीत. त्याने सावलीत बसायचे.

एवढे ज्ञान गोळा झाले, तरी टोपी काही मिळेना. ती मिळाली आमच्याच दारी, आणि तीही एका हेल्मेटमुळे. आमचा पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. एके संध्याकाळी घरी येऊन त्याने आपले पिवळे हेल्मेट टेबलावर पालथे ठेवले. बाईंनी ते उचलून आत डोकावून पाहिले. आत पट्ट्यांची जाळी, तिच्यामुळे डोके कवचापासून दूर. आणि मागे मानेजवळ एक चाकी. ती फिरवली की पट्टी आवळते, उलटी फिरवली की सैल होते. “काकी, हे कोणाच्याही डोक्याला बसवता येतं,” तो म्हणाला. बाईंनी ते डोक्यावर ठेवले, चाकी फिरवली आणि मान हलवून पाहिली. हेल्मेट हलले नाही. “मग टोपीला का नाही असं काही?” त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघे बोईसरला एका शिंप्याकडे गेलो. “मास्तर, टोपी शिवाल का?” असे विचारताच त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. म्हणाले, “बाई, तीस वर्षं ब्लाऊज शिवतोय. टोपी म्हणजे काय, डोक्याचा ब्लाऊज. माप द्या.” बाईंनी कागदावर आकृती काढून दिली. शाळेत फळ्यावर काढावी तशी, प्रत्येक भागाला बाण दाखवून. कापड घट्ट विणीचे, सुती, फिक्या रंगाचे. काठ तीन इंची, दोन थरांचा, मध्ये बकरम, आणि त्यावर पाव-पाव इंचावर गोल शिलाईच्या ओळी, म्हणजे वाऱ्याने तो वळणार नाही. काठाच्या खालून गडद हिरवे अस्तर, वाळूची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून. आत घाम टिपणारी पट्टी आणि त्या पट्टीतून ओवलेली नाडी, मागे गाठ. मागील बाजूस अंबाड्यापुरती खाच, वरून झडप. हनुवटीखाली दोरी.

पहिली टोपी जड झाली. दुसरीत मास्तरांनी बकरम पातळ घेतले आणि वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी काजे करून वाट दिली. ती टोपी बाईंनी घातली, नाडी ओढली, दोरी बांधली आणि दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एक ट्रक धुरळा उडवीत गेला. टोपी जागची हलली नाही. मास्तर म्हणाले, “केस वाढले तर सैल करा, कमी झाले तर ओढा. माझ्याकडे परत यायला नको.” त्यांना आजाराविषयी आम्ही काहीच सांगितले नव्हते. तीस वर्षे मापे घेणाऱ्याला माणसे वाढतात आणि आटतात, हे वेगळे सांगावे लागत नसावे.

त्या वर्षी बाई क्रूसाच्या वाटेला आल्या. चौदाही स्थाने त्या चालल्या. सकाळी लवकर निघालो होतो, अंगभर कपडे होते, मलम होते, पाणी होते. टोपी एकटी सारे करू शकत नाही, हे सांगितलेच पाहिजे. खालून परतणारे ऊन ती अडवीत नाही, भर दुपारचा उकाडा तर नाहीच नाही. पण त्या दिवशी ती नसती, तर बाकीचे असूनही बाई घराबाहेर पडल्या नसत्या. चर्चच्या दाराशी त्या क्षणभर थांबल्या. टोपी काढावी की ठेवावी? चर्चमध्ये स्त्रियांनी मस्तक झाकावे, पुरुषांनी उघडे ठेवावे, असा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. बाईंनी दोरी सोडली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पदर घेतला. सवय संहितेपेक्षा जुनी असते.

टोपीची खरी परीक्षा पुढे किनाऱ्यावर झाली. बाईंची सकाळची फेरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी त्यांना थांबवले. “बाई, काय ही साहेबीण!” असे म्हणून हसल्या. मग एकीने टोपी मागून घेतली, दुसरीने घातली. तिसरी पाटीखालची चुंबळ काढून म्हणाली, “मला बी घालून बघू दे.” नाडी होतीच, तिघींच्याही डोक्याला ती बसली. या बायका सूर्य वर आल्यापासून वाळूवर असतात. ऊन हे त्यांचे भांडवल. ते नसेल तर मासळी सडते. त्याच उन्हापासून त्यांचे डोके झाकायला जुने फडके. आमच्या घरी तपासण्या झाल्या, निदान झाले, डॉक्टरांनी टोपी सांगितली, तेव्हा आम्ही टोपीच्या मागे लागलो. त्यांना टोपी सांगणारे कोणी भेटलेच नव्हते.

समुद्राकाठचे ऊन मवाळ, असा एक समज आहे. हवामान खाते किनाऱ्यावर ३७ अंशांनाच उष्णतेची लाट मानते, जर पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल तर. आत सपाटीवर मात्र ४० अंश लागतात. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार-समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. तेथे टोपी पुरली असती असे आम्ही म्हणत नाही. तेथे सावली हवी होती, पाणी हवे होते, वेळ निराळी हवी होती. परंतु आपल्या सभा, आपल्या मिरवणुका, आपल्या सणांच्या मिस्सा ठरविताना ऊन किती आणि सावली किती, हा प्रश्न आपण कार्यक्रमपत्रिकेच्या आधी विचारतो काय? वृद्ध, आजारी, गर्भवती, लहान मुले यांना मांडवाखालची जागा आधी देतो काय? प्रत्येक धर्मग्रामाने एवढे तरी पाहावे.

पुढच्या रविवारी बाई टेप घेऊन किनाऱ्यावर गेल्या. बायका पाट्या बाजूला ठेवून एकीमागून एक वाळूवर बसल्या. कोणी लाजली, कोणी केसांना तेल लावून आली होती. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजींचे माप घेताना त्या डोळे मिटून स्वस्थ बसल्या. मग म्हणाल्या, “चोळीचं माप लई जणांनी घेतलं बाई. डोक्याचं कोणी घेतलं नव्हतं.”

मास्तरांनी पहिल्या खेपेला सात टोप्या शिवल्या. पाट्या वाहणाऱ्यांसाठी वरचा भाग सपाट ठेवला, म्हणजे चुंबळ बसते. काही टोप्या आवडल्या, एक पडून आहे. तिच्या मालकिणीला फडकेच बरे वाटते. असो, डोके ज्याचे त्याचे.

आमच्या भिंतीवरील कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूस बाईंनी नावे आणि आकडे लिहून ठेवले आहेत : ५२, ५४, ५३, ५५. आजींचा आकडा ५१. यादी वाढते आहे. परवा त्यांनी शेवटच्या ओळीत आमचेही नाव घातले आणि पुढे ५८ लिहिले. आम्ही म्हणालो, “अगं, आम्हांला तर बाजारातली कोणतीही बसते.” त्या टेप गुंडाळीत म्हणाल्या, “बसते हो. पण वारा आला की तुम्ही ती हातानं धरून चालता. तुम्हांलाही दोरी लावून देते.”